माझा चातुर्मास तिने केला

सुधाचे थोरले भाऊ माधवदादा सकाळी आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी शाळेत जायच्या घाईत अंबाडा घालत होते. तोंडात आकडे धरलेले असल्यामुळे मी त्यांना हातानेच ‘या, बसा’ अशी खूण केली. ते बसले नाहीत. वहाणाही काढल्या नाहीत. घाटकोपरहून मुलुंडला ते आजवर आले असतील ते सणासुदीला, नाहीतर सुधा आमच्याकडे चार दिवस राहिली की तिला न्यायला. असे भल्या सकाळी, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाच्या गुंड्या खालीवर लावलेल्या... मी आकडे तोंडातून काढले. सुधा दोन महिने अंथरुणाला खिळून होती, त्यामुळे मला काही विचारायचं उरलं नव्हतं. माधवदादा मात्र मलाच विचारत होते. ‘सकाळची गोळी घेतलीस का गं, कुमुद?’ मी म्हटलं, नाही, चहाबरोबर घेते. ‘मग आधी घे. आज एकाऐवजी दोन घे. तिने सांगून ठेवलंय, तू गोळी घेतल्याशिवाय तुला काही सांगायचं नाही.’ मी त्यांच्यासमोर गोळ्या घेतल्या, वर पाणी प्यायले, आणि मग खाली बसले. ‘पहाटे गेली,’ ते म्हणाले.

त्याला आता महिना होत आला. सुधाच्या व्यवसायातल्या मंडळींनी तिच्यासाठी सभा घेतली आणि तिथे सगळे चांगलं बोलले, असं माधवदादांकडून कळलं. तिचं संशोधन, तिची चिकाटी, पस्तिशीही न उलटता गेलेली एक बुद्धिमान डॉक्टर, वगैरे वगैरे. ते सगळं खरंच आहे, त्यात मला मीठमिरची लावायची नाही. पण डॉक्टर सुधा जगाला कळायच्या आधी मला बाकावरची सुधा कळली होती, आणि नंतर मी तिची रोगी झाले. तिच्या प्रबंधात माझ्या नावाचं एक अक्षर आहे, मुलुंडची प्राथमिक शिक्षिका असा उल्लेख आहे, आणि शेवटी ‘जिवंत आहे’ असं लिहिलेलं आहे. ते वाक्य खरं राहावं म्हणून तिने काय केलं, हे सभेतल्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

घाटकोपरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती हुशार आणि मी गप्प, अशी आमची वाटणी होती, पण मधल्या सुट्टीत ती पार उलटायची. कैरीची फोड माझी असायची आणि मीठ तिच्या पुडीतलं. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं, असं आमच्या घरी शिकवलेलं. सुधा मुद्दाम चिमूट माझ्या तळहातावर टाकायची आणि म्हणायची, ‘हं, आता भांड.’ आणि आम्ही भांडायचोसुद्धा, घंटा होईपर्यंत. परीक्षा जवळ आली की आम्ही पोरी देवळात प्रदक्षिणा घालायला जायचो, ती बाहेर चपला राखत बसायची. देव नाही असं ती कधी म्हणाली नाही. आपलं काही काम नाही तिथे, एवढंच म्हणायची. मला तिचा रागही यायचा, हेवाही वाटायचा. पुढे ती डॉक्टरकीला गेली, मी शिक्षिका झाले, आणि वडील गेल्यावर आई आणि मी मुलुंडच्या दोन खोल्यांत राहू लागलो. सुधा शहरातल्या मोठ्या इस्पितळात दिवस काढायची. महिनोन् महिने भेट व्हायची नाही.

त्याच दिवसांत माझा रंग गेला. आधी बोटांची पेरं काळवंडली, मग कोपर, मग हातावरच्या रेषा अशा दिसायला लागल्या की जणू कुणी शाईने गिरवल्या आहेत. मुलुंडला उन्हातून शाळेत जावं लागतं म्हणून असेल, असं आम्ही म्हटलं. मग ताकद गेली. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. उठून उभं राहिलं की भिंत धरावी लागायची. ठरत आलेलं लग्न मोडलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण मुलगा माझ्या हातांकडेच बघत बसला होता हे मी पाहिलं होतं. आईचे अंगारे झाले, धुपारे झाले, मीठमोहऱ्या ओवाळून टाकून झाल्या. आमच्या जवळच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. मी इतकी वाळले की शाळेतल्या बायका माझ्याशी बोलताना आवाज खाली आणायला लागल्या. आईला त्याचा अर्थ कळत होता. एके दिवशी तिने गावच्या देवीपुढे पदर पसरला, आणि काय बोलली ते कुणाला सांगितलं नाही. बोललेला नवस फेडीपर्यंत सांगायचा नसतो.

सुधा आली ती योगायोगानेच, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. मला पाहिलं आणि तिळगूळ हातातच राहिला. तिने माझा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या, बोटांची पेरं पाहिली, आणि मला वाटलं आता नाडी बघेल, तर तिने भलतंच विचारलं. ‘कुमुद, बरणीतला लोणच्याचा खार पितेस का गं?’ मी चपापले. आईच्या माघारी मी खरंच तो खार पीत होते, वाटीने. नुसतं मीठही जिभेवर ठेवत होते. लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणून मी ती कुणालाच बोलले नव्हते. सुधा खाली बसली, माझा काळा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला आणि रडली. रोग ओळखल्याच्या आनंदाने डॉक्टर रडते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. निदान तेव्हा मला तो आनंद वाटला. त्यात भीतीच जास्त होती, हे मागाहून कळलं.

ॲडिसनचा विकार असं त्याचं नाव. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन इवल्या ग्रंथी असतात, त्यांतून रक्तात उतरणारे रस सुकले की शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही, आणि माणूस हळूहळू विझतो. माझ्या ग्रंथी बहुधा लहानपणीच्या क्षयाने खाल्ल्या होत्या. लाखांत एखाद्याला होणारं दुखणं, असं सुधा म्हणाली, आणि वर म्हणाली की, ‘तुला काही साधं होणारच नाही.’ काही वर्षांपूर्वी हे झालं असतं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. पण स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली होती, आणि परदेशात नव्या औषधांची दारं नुकतीच उघडली होती. एका औषधाची गोळी कातडीखाली पेरायची, म्हणजे ती महिनोन् महिने विरघळत राहते. दुसरं कॉर्टिझोन. ते तोंडाने घ्यायचं, रोज, आणि जन्मभर; ताप आला किंवा मनाला धक्का बसला तर दुप्पट. ते मिळायचं मारामारीने. आणि यांच्या जोडीला मीठ, भरपूर मीठ. इस्पितळात तिने माझ्या पाठीला छेद देऊन गोळी पेरली तेव्हा मी तिला विचारलं, उगवेल का गं काही? ‘उगवली तर तूच उगवशील,’ ती म्हणाली. आठवड्याभरात मला भूक लागली. भूक लागली म्हणून मी इस्पितळाच्या खाटेवर ओक्साबोक्शी रडले होते.

माझ्यासारखी माणसं गोळा करणं हे तेव्हा सुधाचं काम झालं होतं. कुठल्या इस्पितळात, कुठल्या डॉक्टराच्या दवाखान्यात काळवंडलेला, अशक्त, चक्कर येणारा रोगी दिसला की कळवा, असं तिने साऱ्यांना सांगून ठेवलं होतं. तिच्या वरिष्ठांना औषधाने रक्तात काय फरक पडतो ते पाहायचं होतं. सुधाला निराळंच खात होतं. इस्पितळातून माणसं हसत, चालत घरी जात, आणि काही महिन्यांनी त्यांच्या घरचं कुणीतरी येऊन सांगे की ते गेले. औषध तेच, समजावून सांगितलेलं तेच, आणि तरी गेले. घरी गेल्यावर यांचं काय होतं, हा तिचा प्रश्न होता. ‘अगं, आमचं ज्ञान फाटकापर्यंतच आहे,’ ती म्हणायची. ‘रोगी फाटकाबाहेर पडला की आम्ही आंधळे.’

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं, आणि ते तिच्या हाती लागलं तेव्हा मी जवळजवळ गेलेली होते.

झालं असं की मी बरी झाले, शाळेत जायला लागले, हातांवरचा काळेपणाही उतरणीला लागला, आणि चातुर्मास लागला. आईने मला जवळ बसवून नवस सांगितला. पोर उठून चालू दे, तिच्या हातून अळणी चातुर्मास करवीन, असं ती देवीला बोलली होती. चार महिने मीठ नाही. आमच्याकडे चातुर्मासात काही ना काही सोडायची रीतच आहे. कुणी वांगी सोडतं, कुणी गूळ सोडतं, आणि ज्याची निष्ठा मोठी तो मीठ सोडतो. आईला वाटलं, मागणं मोठं आहे तर देणंही मोठं हवं. सुधाने मीठ भरपूर खा म्हणून सांगितलेलं आईला ठाऊक होतं, पण ते दुखण्यातलं पथ्य, आता दुखणं सरलं, असं तिने धरलं होतं. आणि आता देवीला फसवलं तर तिने दिलेलं ती परत नेईल, ही धास्ती वेगळीच. आईच्या त्या चेहऱ्याकडे पाहून मलाही नाही म्हणवलं नाही. आईने स्वतःच्या वाटचाही धरला, आणि दोघींसाठी अळणी आमटी, अळणी भाजी करायला लागली. गोळ्या मी रोज घेत होते. मिठागरांच्या गावात राहायचं, खाडीकडून वारा आला की ओठ खारट लागायचे, आणि ताटात मिठाचा कण नाही, असं चाललं होतं. श्रावण अर्धा होता होता मला ओकाऱ्या सुरू झाल्या. एके सकाळी वर्गात हजेरी घेता घेता मी कोसळले.

इस्पितळात शिरेतून मिठाचं पाणी गेलं आणि मी डोळे उघडले. खाटेपाशी सुधा होती, आणि तिचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट दिसत होता. तिला वाटत होतं, तिचंच काहीतरी चुकलंय. पेरलेली गोळी लवकर विरघळली असेल, कॉर्टिझोनची खेप निकस आली असेल, मात्रा कमी पडली असेल. तिने सगळं पुन्हा तपासलं. मला विचारलं, गोळ्या चुकल्या का? मी म्हटलं नाही, आणि ते खरं होतं. नवस न सांगण्याचं मी आईला वचन दिलं होतं, ते पाळत मी मिठाची गुळणी धरून पडून राहिले. मी घरी आल्यावर चार दिवसांनी सुधा काही न कळवता मुलुंडला आली. दुपारची जेवणाची वेळ होती. आईने तिलाही पान वाढलं, तिच्या पानात मीठ वाढून. ती माझ्याशेजारी बसली, आणि लहानपणी बसायची तशीच, माझ्याच वाटीत बोट बुडवून तिने आमटी चाखली. तिचं बोट तोंडातच राहिलं. मग तिने माझी भाजी चाखली. मग भात. मग माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ वाढायच्या कोऱ्या जागेकडे ती बघत बसली.

मला वाटलं आता ही आईवर तुटून पडणार. सुधाची जीभ आम्हाला माहीत होती. इस्पितळातले वॉर्डबॉय तिला पाहून विड्या विझवत. पण आईनेच सांगितलं, चुलीपाशी उभी राहून, भिंतीकडे बघत. नवस बोललेय मी. त्या देवीने हिला उठवली. तिचं देणं ठेवून कसं चालेल? औषधाने उठवली, देवीने नाही, असं सुधा म्हणू शकली असती. ती औषधं मिळवायला ती कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवत होती, ते आईला ठाऊक नव्हतं. सुधा उठली, हात धुतले, आणि पदराला पुसत आईजवळ गेली.

‘काकू, नवस हिनेच फेडायला हवा का? दुसऱ्या कुणी फेडला तर नाही चालत?’

आईने विचार केला. ती अशा गोष्टींत खोटं बोलणारी नव्हती. ‘आजारी माणसाच्या वाटचा दुसऱ्याने केलेला चालतो,’ ती म्हणाली. ‘पण घरचं माणूस हवं. माझ्यानं होईल, पण मी तर तो आधीच धरलाय, माझ्या वाटचा.’

‘मग मी घरची आहे की नाही, ते सांगा.’

आई तिच्याकडे बघत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं, तेही आम्हाला कुणाला दिसलं नाही. ‘तू देव मानत नाहीस, सुधा.’

‘मी नाही मानत. तुम्ही मानता. नवस तुमचा आहे.’ मग तिने फळीवरची मिठाची बरणी खाली काढली, माझ्यासमोर आणून ठेवली, आणि म्हणाली, ‘आजपासून हिच्या पानातलं मीठ काढायचं नाही. राहिलेले महिने मी करते. आणि आधीचे जे हिने केले, ते देवीने हिच्या नावावर धरावेत.’ आईने मान हलवली. मग सुधा पुन्हा माझ्याशेजारी बसली आणि माझं ते अळणी ताट आपल्याकडे ओढून ती ते सगळं जेवली, आणि तिच्यासाठी वाढलेलं ताट मी जेवले.

तिने तो चातुर्मास खरोखरच केला. आधी मला वाटलं होतं की आईची समजूत काढण्यापुरतं बोलली असेल. पण घाटकोपरला तिच्या वहिनीने कपाळाला हात लावला, इस्पितळात तिच्या अळणी डब्याची थट्टा झाली, कोजागरीला सारे भेळ खात होते आणि ही कुरमुरे चघळत बसली होती. दिवाळीत ती आमच्याकडे आली तर आईने तिच्यासाठी बिनमिठाचा चिवडा आणि चकल्या वेगळ्या डब्यात ठेवलेल्या. चकली चावताना तिने केलेलं तोंड आठवून मला आजही हसू येतं, आणि मग हसू येत नाही. मी तिला एकदा म्हटलं, अगं बाई, इस्पितळात कोण बघतंय, तिथे खात जा. तिने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. ‘तुझी आई मला एकदाही विचारत नाही गं, की करतेस ना म्हणून,’ ती म्हणाली. ‘मग मी कशी खाऊ?’ कार्तिकात चातुर्मास सुटला तेव्हा आईने तिला समोर बसवून पहिलं मीठ स्वतःच्या हाताने वाढलं, आणि पाया पडायला वाकलेल्या सुधाला वरच्यावर धरलं.

त्याच काळात सुधा जुन्या रोग्यांच्या घरी पुन्हा गेली, जे घरी जाऊन वारले होते त्यांच्या. त्या घरांत जायचं धाडस मला झालं नसतं. तिने कुणाला दोष दिला नाही, एवढंच विचारलं की जायच्या आधी त्यांनी काही सोडलं होतं का, काही धरलं होतं का. आणि उत्तरं मिळाली. कुणी अळणी रविवार करत होती, नवऱ्याच्या नोकरीसाठी. कुणाच्या घरी ताप आला म्हणून पथ्य म्हणून मीठ तोडलं होतं. एका म्हाताऱ्याने तर उपासाला औषध चालत नाही म्हणून एकादशीच्या गोळ्याच सोडल्या होत्या. त्या दिवशी ती तिथून तडक आमच्याकडे आली आणि खिडकीशी पाठमोरी बसून राहिली. ‘मीठ जास्त खा, एवढंच मी सांगत गेले,’ ती म्हणाली. ‘कुणी बंद केलंय का, हे मला विचारायला सुचलंच नाही. मीसुद्धा याच घरांतली, आणि मला सुचलं नाही.’ त्यांच्यातली एक मीच होणार होते.

पुढे तिने जे केलं त्याला वैद्यकात काय म्हणतात मला माहीत नाही. रोगी घरी जायच्या आधी ती घरच्या साऱ्यांना बोलावून विचारायची, काय सोडलंय? कुणी काय बोललंय? आणि मग तो नवस दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर द्यायची. सुनेचा अळणी रविवार सासूने घेतला, बहिणीचे सोमवार भावाने घेतले. एका घरी नवरा तयार होईना, तर हिने त्याला असा काही आरसा दाखवला की तो बिचारा महिनाभर बिनमिठाची पिठलं-भाकरी खात राहिला. तिच्या वरिष्ठांनी प्रबंधातून हा भाग बराचसा गाळायला लावला. उपासतापास हा औषधशास्त्राचा विषय नव्हे असं त्यांचं म्हणणं पडलं. एक वाक्य तेवढं राहिलं. तिला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. माणसं घरी जाऊन जगायला लागली होती, आणि ते वरिष्ठांनाही दिसत होतं.

मला ती आपल्याबरोबर न्यायची, नमुना म्हणून. नव्या रोग्यापुढे मला उभं करायची आणि सांगायची, ही बघा, हिचे हात बघा, असेच काळे होते. गोराईला एका कोळ्याच्या घरी आम्ही मचव्यातून गेलो होतो. तिथली मावशी आमच्याच दुखण्याची, आणि औषध मिळायच्या आधीही ती कितीतरी दिवस तग धरून राहिलेली. सुधा तिच्या वळचणीला टांगलेल्या खाऱ्या मासळीकडे बघत हसत सुटली. मावशी सकाळ-संध्याकाळ सुकं खात होती, स्वतःच्याही नकळत तिने स्वतःला औषध लावून घेतलं होतं. परतताना मचव्यात सुधाने हात खाडीच्या पाण्यात सोडला. मग म्हणाली, ‘देवाने तुला कोळ्याच्या घरी घालायला हवं होतं. माझं काम वाचलं असतं.’ मी म्हटलं, देवाने? तर तिने माझ्यावर खाडीचं पाणी उडवलं.

गेल्या वर्षी तिचा चेहरा सुजायला लागला. सकाळी डोळ्यांखाली, संध्याकाळी पायांवर. मला आधी वाटलं, अंग धरलंय. तिला तेव्हाच कळलं होतं. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, रक्तदाब चढला होता, आणि त्या दुखण्यावर तिच्या हातात काही गोळी नव्हती. होतं ते एक पथ्य. मीठ पूर्ण बंद. हे तिने मला आमच्याच स्वयंपाकघरात सांगितलं, आणि सांगताना हसली. ‘बघ, तुझा वरचा मजला बिघडला, माझा तळमजला. एकाच चाळीतलं दुखणं आहे, पण बिऱ्हाडं वेगळी.’ मला रडू आवरेना. तेव्हा ती म्हणाली, रडू नकोस, अश्रूंतून मीठ जातं, तुला परवडायचं नाही. आणि आईकडे वळून म्हणाली, ‘काकू, मला बिनमिठाचं करून घाला. चातुर्मासाचा सराव आहे मला.’ आईने पदर तोंडाला लावला आणि ती मागच्या दारी गेली.

शेवटचे दोन महिने मी शाळा सुटली की घाटकोपरला जायचे. तिच्या खोलीत आम्ही दोघी जेवायचो. वहिनी एकाच भांड्यातली भाजी वाढायची, बिनमिठाची, आणि माझ्या ताटात डावीकडे मीठ. सुधाच्या ताटात ती जागा मोकळी असायची. ती मला मीठ कालवताना बघत बसायची, आणि कमी वाटलं तर चिमूट उचलून माझ्या तळहातावर टाकायची. ‘हं, भांड,’ म्हणायची. मला भांडता यायचं नाही. शेवटच्या दिवसांत तिला जेवण जाईनासं झालं तरी माझं ताट तिच्यासमोर वाढलं गेलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. एकदा म्हणाली, ‘कुमुद, मी गेले की तू काहीतरी सोडशील. तू तसलीच आहेस. आधीच सांगते, सोडू नकोस.’ मी तिला हो म्हटलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

ती गेली त्या दिवशी मला कुणी जेवायला सांगितलं नाही, आणि मला भूकही नव्हती. दुसऱ्या दिवशी आईने पान मांडलं. आम्हाला सुतक नव्हतं. गोत्र निराळं, नातं म्हणावं तर काहीच नाही. पण ज्याच्या घरचं माणूस जातं तो दहा दिवस अळणी खातो, हे आमच्याकडे चालत आलेलं. मी पाटावर बसले आणि आईला म्हटलं, मला दहा दिवस मीठ वाढू नकोस. दहा दिवसांनी काय होणार आहे. तिने माझ्यासाठी महिने काढले, मला दहा दिवस तरी...

आईने फळीवरची बरणी काढली. माझ्या ताटात डावीकडे, नेहमीच्या जागी तिने मीठ वाढलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग आपलं ताट घेऊन ती माझ्यासमोर बसली. तिच्या ताटात ती जागा मोकळी होती.

‘तू मीठ खा,’ ती म्हणाली. ‘तिचं मी करते. घरच्या माणसाने केलेलं चालतं.’

मी भातात मीठ कालवलं आणि जेवले.